दात माणसाचा, ऋण मुक्यांचं

आमचं खामगाव चांदीचं गाव. इथल्या माणसाला धातूची पारख असतेच. पण हाडाशी एकजीव होणारा धातू जगाला दाखवून दिला तो सशानं.

१९५२च्या सुमारास स्वीडनमधले संशोधक ब्रोनमार्क सशाच्या पायाच्या हाडात टिटॅनियमची छोटी कुपी बसवून रक्ताभिसरण पाहत होते. काम संपलं, पण कुपी निघेना. हाडानं तिला घट्ट धरलं होतं. १९६५ मध्ये गोस्टा लार्सन यांच्या जबड्यात टिटॅनियमचे स्क्रू बसले. आजचा 'इम्प्लांट' तो हाच.

मधुमेहाच्या संशोधनात हेच ओझं कुत्र्यांनी उचललं. १८८९ मध्ये मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याच्या लघवीत साखर आली. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडाचा अर्क कुत्र्यांवर वापरून पाहिला. जानेवारी १९२२ मध्ये असा अर्क चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला टोचला गेला. त्या कुत्र्यांपैकी मार्जोरी हे एक नाव लोकांच्या लक्षात राहिलं.

पुढे हे दोन रस्ते एकत्र आले. साखरेच्या रुग्णात इम्प्लांटभोवती सूज का येते, हाड का झिजतं? उत्तरासाठी उंदरांना स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून मधुमेह आणला गेला. त्यांचं तोंड लहान, म्हणून स्क्रू बहुधा नडगीत बसवले. वाढलेल्या साखरेत हाडाची पकड कमी पडली, इन्सुलिननं ती सुधारली. बीगल कुत्र्यांच्या इम्प्लांटभोवती दोरा बांधून मुद्दाम कीट साठू दिलं. हिरडी सुजली, हाड झिजलं.

अर्थात, औषधानं झटपट आणलेला आजार आणि माणसाच्या अंगात वर्षानुवर्षं मुरलेला मधुमेह एक नव्हे. उंदीर दिशा दाखवतो, निकाल माणसाच्याच अभ्यासातून लागतो. प्रयोगातल्या प्राण्यांचे हाल टाळावेत म्हणून आपल्याकडे १९६० च्या कायद्यात देखरेख समितीची तरतूद आहे.

शास्त्राच्या भाषेत या प्राण्यांना 'मॉडेल' म्हणतात. मी कविता लिहिणारा माणूस, मला हा शब्द टोचतो. मॉडेल म्हणजे नमुना. नमुन्याला कळ येत नाही, सशाला येते.

म्हणून इम्प्लांटआधी डॉक्टरांनी साखरेचा रिपोर्ट मागितला, तर ती कटकट समजू नका. साखर आटोक्यात ठेवा, हिरड्या स्वच्छ ठेवा. हे शहाणपण मुक्या जिवांच्या जिवावर मिळालं आहे. ते वाया घालवणं हीच खरी कृतघ्नता.