चाळीसचा आकडा आणि पालकांची नोंद : सौंसर-पांढुर्णा भागातील शाळा, पट व खर्च

शाळा किती मोठी असावी आणि तिच्यावर किती खर्च व्हावा, हा प्रश्न वरवर प्रशासकीय वाटतो. परंतु मध्य प्रदेशातील सौंसर व पांढुर्णा या मराठीभाषक भागाचा शैक्षणिक इतिहास पाहता शाळेचे भवितव्य दोन गोष्टींवर ठरत आलेले दिसते : शासनाने आखलेली पटाची मर्यादा आणि पालकांनी वेळेवर केलेली मागणी.

१९५६ पर्यंत या भागाची राजधानी नागपूर होती. १९३७ मध्ये मध्य प्रांताचे शिक्षणमंत्री पं. रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना मांडली. एक मैलाच्या परिघात शाळा नसलेल्या, सुमारे ४० मुले असलेल्या गावाला शाळा मिळणार होती; मात्र वर्षाला किमान २०० रुपये उत्पन्नाची जमीन कोणीतरी दान देणे आवश्यक होते. म्हणजे शाळेचा खर्च गावाच्या शेतातून निघावयाचा होता. ‘मंदिर’ या नावास मुस्लिम समाजाने हरकत घेतली आणि वाद प्रांताबाहेर पोहोचला. खर्चाचा भार लोकांवर, पण आराखडा वरून, ही विसंगती या वादातून उघड झाली.

१९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत पुन्हा ४० हाच आकडा आला. एखाद्या भाषेचे शाळेत ४० किंवा वर्गात १० विद्यार्थी असल्यास त्या भाषेचा शिक्षक नेमावा, आणि पालक सांगतील तीच मुलाची मातृभाषा मानावी, असे ठरले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि येथील मराठी भाषक अल्पसंख्य ठरले. त्याच वर्षी राज्यघटनेत आलेल्या अनुच्छेद ३५०-क ने प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली. मराठी असो वा उर्दू, हे संरक्षण पालकांच्या नोंदीवाचून कागदावरच राहते.

१ जानेवारी १९९७ पासूनच्या शिक्षा गारंटी योजनेने मागणीलाच आधार मानले. एक किलोमीटरच्या आत शाळा नसल्यास आदिवासी भागात २५, इतरत्र ४० मुलांसाठी ९० दिवसांत शाळा देण्याची हमी शासनाने घेतली. मागणी ग्रामपंचायतीमार्फत होई. 

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने पालकांना शाळेच्या कारभारात स्थान दिले. शासकीय शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, समितीने शाळा विकास आराखडा तयार करावा व अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवावे, अशी तरतूद झाली. प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हे प्रमाण ठरले. पुढे २०१८ च्या ‘एक परिसर, एक शाळा’ धोरणाने राज्यातील सुमारे ३५ हजार शाळांच्या जवळपास १६ हजार शाळा झाल्या. त्याच वर्षी समग्र शिक्षा अभियानात शाळेचे वार्षिक अनुदान पटानुसार २५ हजार ते १ लाख रुपये ठरले. पट घटला की अनुदान घटते, सोयी कमी होतात, आणि पट आणखी घटतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. कार्यालय जवळ आले, तरी आकडा आपोआप पालकांच्या बाजूने बोलत नाही. समितीची सभा, प्रवेशाच्या वेळी मातृभाषेची नोंद आणि विकास आराखड्यातील खर्चाची मागणी, या तीन ठिकाणी पालकांचे म्हणणे लेखी उमटले, तरच लहान शाळेची बाजू अंदाजपत्रकापर्यंत पोहोचते. पालकांना ही प्रक्रिया समजावून देणे हे शिक्षकाचेही काम आहे.