उन्हातले पाणी

शरद ऋतूत दिवसा सूर्याने तापलेले व रात्री चंद्राने निवविलेले पाणी निर्मळ, असे चरकसंहितेत सांगितले आहे. त्यास हंसोदक हे नाव. परंतु सूर्यप्रकाशाने जंतूंची वाढ खुंटते, याचा प्रायोगिक पुरावा डाउन्स व ब्लंट या इंग्रज संशोधकांनी १८७७ साली दिला. त्याचा घरगुती उपयोग होण्यास मात्र आणखी शतक लोटावे लागले. अतिसाराने कोमेजलेल्या मुलास मीठ-साखरेचे पाणी द्यावे, तर ते पाणीच दूषित! या पेचातून बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातील आफ्तीम आक्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली, देशात यादवी युद्ध चालू असताना, वाट दाखविली. १९९१ पासून स्विस संशोधकांनी ती रीत पक्की केली: पारदर्शक बाटलीत नितळ पाणी भरून ते कडक उन्हात सहा तास, आभाळ असल्यास दोन दिवस ठेवावयाचे. जंतू मारतात ते मुख्यतः अतिनील किरण. उष्णता त्यांस साहाय्य करते. गढूळ पाण्यात किरण पोचत नाहीत, आणि विरघळलेले क्षार वा विषे उन्हाने जात नाहीत. तेव्हा बाटली ही गरजूची सोय होय. घरोघर शुद्ध पाणी पुरविण्याच्या कर्तव्यातून तिने नगरपालिकेची सुटका होत नाही.