छोटा म्हणजे नेमका किती छोटा?

मुंबईतल्या बऱ्याच वस्त्यांना धंद्यांवरून नावं मिळाली. पालख्या वाहणाऱ्या भोयांचा भोईवाडा, माझगावच्या टेकडीवर भंडाऱ्यांचा भंडारवाडा. पालख्या गेल्या, भोई गेले. आज भोईवाडा म्हटलं की कोर्ट आणि शेजारची केईएमची गर्दी आठवते. भंडाऱ्यांचा माडी काढायचा धंदाही गेला, पण तो नुसता काळाच्या ओघात गेला नाही. सरकारने तो कसा मोजला, याचा त्यात मोठा हात होता. मला हे नीट उमगलं ते इंग्लंडमधल्या छोट्या बीअर उत्पादकांच्या संघटनेचा इतिहास वाचताना.

आधी आपल्याकडची गोष्ट. दादर-माहीमचा पट्टा एकेकाळी माडांचा होता. भंडारी माडावर चढून पोय बांधायचा, तिचं टोक कापायचा आणि खाली मडकं अडकवायचा. रस मडक्यातच आंबायला लागायचा, कारण यीस्ट हवेतच असतं. सकाळची माडी संध्याकाळी चढते आणि दुसऱ्या दिवशी आंबट होते. ती साठवता येत नाही, लांब पाठवता येत नाही. त्यामुळे माडी काढणारा छोटा असणार आणि पिणाऱ्याच्या जवळच असणार, हे त्या रसानेच ठरवून टाकलेलं.

ब्रिटिश सरकारची अडचण इथेच होती. मोहाची दारू उरणच्या भट्ट्यांतून यायची. तिथे दारात माणूस बसवला की गॅलन मोजून कर घेता येत होता. माडी मात्र हजारो झाडांवर विखुरलेली. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू आणि ताडी-माडी दोन्हींवर सरकारची पकड घट्ट केली. परवान्याशिवाय झाड छेदायचं नाही, आणि कर दर झाडामागे. झाडाने रस किती दिला, माडी विकली गेली की आंबून ओतून द्यावी लागली, याच्याशी कराचा संबंध नव्हता. तुमचं अ‍ॅप कुणी वापरो न वापरो, सर्व्हरचं पूर्ण भाडं आगाऊ भरा, असा हा प्रकार. ज्याच्याकडे भांडवल आहे तो हे सोसतो. चार झाडांवर घर चालवणारा सोसू शकत नाही.

१८८० च्या दशकात मुंबई-ठाणे भागातल्या भंडाऱ्यांनी अर्ज केले, काही काळ झाडं छेदणंही बंद ठेवलं. पण एकक बदललं नाही. कर झाडावरच राहिला.

आता इंग्लंडकडे वळू. १९७० च्या दशकात तिथे बहुतेक पब मोठ्या बीअर कंपन्यांच्या मालकीचे होते. मालकाचीच बीअर विकायची, असा नियम. अशा काळात पीटर ऑस्टिन नावाच्या मुरलेल्या ब्रुअरने १९७८ मध्ये हॅम्पशायरमध्ये रिंगवुड ही छोटी ब्रुअरी काढली. दोन वर्षांनी, १९८० मध्ये, त्याच्यासारखे मूठभर लोक एकत्र आले आणि स्मॉल इंडिपेंडंट ब्रुअर्स असोसिएशन, म्हणजे सिबा, उभी राहिली. ऑस्टिन तिचा पहिला अध्यक्ष.

त्यांच्या मागण्या मुख्यतः दोन होत्या. पबचं दार उघडा आणि करात आमचा वेगळा विचार करा. दुसरी मागणी जास्त महत्त्वाची. लाखो पिंपं काढणारी कंपनी आणि गॅरेजएवढ्या जागेत बीअर करणारा माणूस, दोघांनाही कराचा दर एकच होता. वरवर हे समान वाटतं. पण मोठ्या कंपनीला माल्ट स्वस्त पडतो, बाटली स्वस्त पडते, ट्रक भरून जातो. छोट्याचा मुळातला खर्चच दर लिटरमागे जास्त, आणि त्यावर तेवढाच कर.

पहिलं दार १९८९ मध्ये थोडं किलकिलं झालं. मोठ्या कंपन्यांच्या पबना बाहेरची एक बीअर ठेवायची मुभा सरकारने दिली. कराचं दार उघडायला बावीस वर्षं लागली. १९९२ मध्ये युरोपीय नियमांनी छोट्या ब्रुअरींना करात सवलत द्यायची परवानगी दिली. ब्रिटनने ती २००२ मध्ये वापरली, गॉर्डन ब्राउन अर्थमंत्री असताना. वर्षाला ५,००० हेक्टोलिटरपर्यंत, म्हणजे पाच लाख लिटरपर्यंत, बीअर काढणाऱ्याला निम्मा कर. त्यापुढे सवलत हळूहळू कमी. पुढच्या दीड दशकात ब्रिटनमध्ये छोट्या ब्रुअरींचं पेवच फुटलं.

सुखान्त इथे झाला असता, पण भांडण आता घरातच सुरू झालं. ५,००० च्या जरा पुढे गेलेले म्हणू लागले की आम्ही वाढलो याचीच शिक्षा आम्हाला मिळते. २०१८ मध्ये अशा काही ब्रुअरींनी कर बदलण्यासाठी वेगळी आघाडी काढली. २०२० मध्ये सरकारने पूर्ण सवलतीची मर्यादा २,१०० हेक्टोलिटरवर आणण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा अगदी छोट्यांचे धाबे दणाणले. अमेरिकेत उलटं घडलं. तिथल्या ब्रुअर्स असोसिएशनच्या व्याख्येत ‘छोटा’ म्हणजे वर्षाला २० लाख बॅरलपर्यंत. तिचा सर्वात मोठा सभासद ती रेघ ओलांडायच्या बेतात आला, तेव्हा संघटनेने २०१० च्या अखेरीस रेघच ६० लाखांवर नेली.

म्हणजे अशा संघटनेचं खरं काम बीअर महोत्सव भरवण्यापुरतं नसतं. सरकारच्या तक्त्यात आपल्यासाठी एक वेगळी ओळ मिळवणं, हे ते काम. आणि ओळ मिळाली की ती नेमकी कुठे ओढायची यावर आयुष्यभर भांडत बसणं.

भंडाऱ्यांना अशी ओळ का मिळाली नाही? परकं सरकार, महसुलाची हाव, हे तर आहेच. पण आणखी एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. ऑस्टिनच्या सोबत्यांनी धंदा निवडला होता. भंडारी धंद्यात जन्मला होता. इंग्लंडमधला ब्रुअर संघटना करायचा ती धंद्यात टिकण्यासाठी. भंडारी समाजातल्या शिकलेल्या पिढीला झाडावरून उतरणं हीच प्रगती होती, आणि त्यात काही गैर नव्हतं. याच समाजातून आलेल्या सीताराम केशव बोले यांनी कामगार हितवर्धक सभेच्या उभारणीत पुढाकार घेतला, म्हणजे संघटना बांधली ती कामगारांची. १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात मांडणारे हेच बोले. दादरच्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. त्यांच्यासारख्यांनी माडीचा धंदा वाचवायला हवा होता, असं मी तरी म्हणणार नाही. फक्त ज्यांना झाडावर राहायचं होतं, त्यांच्या बाजूने बोलायला फारसं कुणी उरलं नाही.

पुढे १ ऑगस्ट १९३९ ला मुंबईत दारूबंदी आली, आणि स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा. तो अजून लागू आहे. कागदोपत्री आजही महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो.

याच कायद्याच्या छत्राखाली पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली. २०१३ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात बार्किंग डिअरने स्वतःची बीअर काढायला घेतली. भोईवाड्यापासून हे फार दूर नाही. ही बीअर ताजी असते, फार टिकत नाही, जिथे बनते तिथेच प्यायची असते. रसाचा स्वभाव माडीचाच आहे, फक्त पिणारा आणि बनवणारा बदलला. तिथल्या एका ग्लासाच्या किमतीत काय काय येतं ते बघताना एक प्रश्न विचारून बघा: सरकार इथे नेमकं काय मोजतंय? टाकी, लिटर, की दारावरचा परवाना? यापैकी जे मोजलं जाईल, त्यावर कोण टिकणार ते ठरेल. माडांच्या बाबतीत ते १८७८ मध्ये ठरलं होतं.