व्यापाराचे विद्यार्थी आणि त्यांच्या वह्या

आमच्या गावच्या आठवडी बाजारात मी दरवर्षी नववीची मुले नेतो. हातात वही, वहीत चार प्रश्न: माल कोठून आला, कशातून आला, आजचा भाव काय, मागल्या बाजाराला काय होता. गेल्या खेपेस सुक्या मिरचीच्या ढिगाआड बसलेल्या एका म्हातारीने मला विचारले, "गुरुजी, ह्ये लिवल्यालं कुनाला दावनार?" मी म्हटले, "कुणाला नाही, आजी. पोरांच्या अभ्यासाला आहे." तिचा विश्वास बसला नाही. भाव तिने सांगितला. पण खोटा सांगितला असावा.

त्या दिवसांत एका कादंबरीच्या निमित्ताने मी चीन-जपानचा इतिहास चाळीत होतो. म्हातारीचा प्रश्न ऐकला आणि शांघायची एक शाळा डोळ्यांपुढे आली.

त्या शाळेचे मूळ एका औषधाच्या दुकानात आहे. किशिदा गिन्को नावाच्या जपानी गृहस्थाने हेपबर्न या अमेरिकन डॉक्टरास जपानी-इंग्रजी शब्दकोश रचण्यास मदत केली. तो कोश 1867 साली निघाला. डॉक्टरने त्याला डोळ्यांच्या औषधाची कृती दिली आणि त्या औषधावर किशिदाने मोठा व्यापार उभारला. 1886 साली आराओ सेई हा तरुण लष्करी अधिकारी चीनमध्ये आला, तेव्हा किशिदाच्या पाठबळाने त्याने हान्कौ येथे दुकान मांडले. दुकानातली माणसे चिनी पोशाख करून, पाठीवर वेणी सोडून, औषधे व पुस्तके विकत गावोगाव हिंडत आणि पाहिलेले टिपून ठेवीत. त्या टिपणांतून नेझू हाजिमे याने 1892 साली चिनी व्यापाराचा दोन हजारांहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ सिद्ध केला. दुकानदार कोठे संपतो आणि हेर कोठे सुरू होतो, हे त्या दुकानातल्यांना तरी सांगता आले असते का?

आराओने 1890 साली शांघायला व्यापार शिकविणारी संस्था काढली. सुमारे दीडशे मुले जपानहून आली. चिनी भाषा, इंग्रजी, हिशेब हे तर होतेच. पण शिकलेले हाताने करून पाहावे म्हणून जपानी मालाचे एक प्रदर्शनगृहही जोडले होते. कल्पना उत्तम. पण 1894 साली दोन्ही देशांत युद्ध पेटले आणि गिऱ्हाइकाशी घासाघीस करण्यासाठी शिकलेली भाषा सैन्याच्या कामी आली. कित्येक विद्यार्थी दुभाषे झाले, काही चिनी वेष करून बातम्या काढण्यास गेले. त्यांपैकी काही पकडले गेले आणि त्यांना देहान्त शासन झाले. व्यापार शिकण्यासाठी घरून निघालेली पोरे ती!

असो. 1901 साली त्याच शांघायमध्ये तोआ दोबुन शोइन ही नवी शाळा उभी राहिली. तिचा पहिला प्रमुख नेझूच. जपानच्या निरनिराळ्या प्रांतांनी शिष्यवृत्त्या देऊन मुले पाठविली. बहुतेक मुले व्यापार शाखेची. आणि 1907 पासून सुरू झाली ती 'मोठी यात्रा'.

शेवटच्या वर्षाची मुले लहान टोळ्या करून निघत आणि महिनोन् महिने हिंडत. कोठे होडी, कोठे गाढव, पुष्कळदा पायीच. चिनी सरकारचे परवाने खिशात असत. वजनेमापे काय, कोणते नाणे चालते, बाजारपेठेत पंचायत कोणाची, नदीचे पाणी कोणत्या महिन्यात उतरते, हमाली किती, हे सारे ती लिहीत. त्या काळी चीनमध्ये रुप्याच्या तैलाचे वजन गावागणिक बदले. हे वर्गात सांगून कळत नाही. एका गावचे पैसे दुसऱ्या गावी कमी भरले म्हणजे कळते. अशा सुमारे 700 वाटा त्या मुलांनी तुडविल्या. त्यांच्या अहवालांवरून 1917 ते 1920 या काळात चीनच्या प्रांतांची माहिती देणारे 18 खंड छापले गेले.

मला त्या मुलांचा हेवा वाटतो, हे लपविण्यात अर्थ नाही. विशीतला मुलगा, पायाला फोड, खाणावळीत मिणमिणता दिवा, आणि वहीत तांदळाचा भाव! पण शाळेत जमलेली ही माहिती जपानी सरकारकडे आणि लष्कराकडेही जाई. चिनी दुकानदाराने आपला भाव कोणाला सांगितला? समोरच्या मुलाला, की त्याच्या मागे उभ्या असलेल्या सैन्याला?

सारीच मुले मुकाट नव्हती. 1930 साली काहींनी जपानी नौदलाच्या शिकाऊ अधिकाऱ्यांत युद्धविरोधी पत्रके वाटली आणि त्यांना अटक झाली. पुढल्या वर्षी जपानने मांचुरिया गिळला. 1937 साली मोठे युद्ध आले. वरच्या वर्गातली मुले पुन्हा दुभाषे म्हणून गेली, आणि शाळेची इमारत जळाली. 1939 साली तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. 1945 साली जपानच्या पराभवाबरोबर ती मिटली.

शाळेत चिनी-जपानी शब्दकोशाचे काम चालू होते. युद्धानंतर त्याची सुमारे 1,40,000 टिपणपत्रे चीनने ताब्यात घेतली. शिक्षकांपैकी काहींनी मायदेशी परतून 1946 साली तोयोहाशी येथे आइची विद्यापीठ काढले. 1954 साली चीनने ती टिपणपत्रे परत केली. ज्यांच्या बाजारांत, खाणावळींत या शाळेची मुले वह्या घेऊन हिंडली, त्यांनीच! विद्यापीठाने पुढे चौदा वर्षे त्यांवर काम केले आणि 1968 साली कोश बाहेर पडला.

पुढल्या बाजाराला मी त्या म्हातारीकडून पावशेर मिरची घेतली. या वेळी वही मुलांकडे नव्हती. भाव तिने निराळाच सांगितला.