सिकंदरबागेतील हाडे

१८५७ ची म्हणून जी छायाचित्रे आपल्या पुस्तकांत पुन्हा पुन्हा छापली जातात, त्यांत लखनौच्या सिकंदरबागेचे एक आहे. गोळागोळीने खिळखिळी झालेली खांबांची इमारत, तिच्यापुढे काही हिंदी माणसे, एक घोडा आणि जमिनीवर विखुरलेल्या कवट्या, बरगड्या. छायाचित्रकार फेलिचे बिआतो. ९३ व्या हायलँडर्सनी व चौथ्या पंजाब पलटणीने २,००० बंडखोरांची कत्तल केल्यानंतरचे हे दृश्य, असे मथळा सांगतो. 'कत्तल' हा शब्द जेत्यांनी स्वतःच्या कृत्याला इथे बिनदिक्कत लावला आहे, हेही लक्षात घ्यावे.

कत्तल झाली १६ नोव्हेंबर १८५७ रोजी. बिआतो लखनौत आला १८५८ च्या मार्च-एप्रिलच्या सुमारास. मग ही हाडे चार-पाच महिने अशी उघड्यावर, इतकी नेटकी कशी राहिली? सर जॉर्ज कॅम्पबेल या मुलकी अधिकाऱ्याच्या आठवणींत उत्तर सापडते. प्रेते तोवर झाकून टाकलेली होती. छायाचित्रकाराने हट्टाने ती पुन्हा उघडी करवून घेतली. कत्तल खरी होती, दृश्य मात्र मांडलेले होते. त्या काळच्या कॅमेऱ्याला लढाई टिपता येत नसे, कारण हलणारी माणसे काचेवर पुसट उमटत. मेलेली माणसे हलत नाहीत, ही बिआतोची सोय.

हे चित्र पाहणाऱ्या विलायती डोळ्यांची तयारी आधीच झालेली होती. वृत्तपत्रात छायाचित्र छापण्याची कला तेव्हा नव्हती. हिंदुस्थान कधी न पाहिलेले कारागीर लंडनमध्ये बसून लाकडी ठसे कोरत. २२ ऑगस्ट १८५७ च्या 'पंच'मध्ये जॉन टेनिएलने स्त्री व मूल यांच्या अंगावर बसलेला बंगाली वाघ आणि त्याच्यावर झेपावणारा ब्रिटिश सिंह काढला. कानपूरच्या बीबीघरात १५ जुलैला सुमारे २०० स्त्रिया-मुले मारली गेली, हे भयंकरच होते. पण वृत्तपत्रांना तेवढे पुरले नाही; विटंबनेच्या कहाण्या जोडल्या गेल्या. आग्र्याच्या विल्यम म्यूरने चौकशी केली, तेव्हा त्यांना आधार मिळाला नाही. 'टाइम्स'चा बातमीदार रसेल १८५८ मध्ये कानपूरला गेला. बीबीघराच्या भिंतींवरची सूडाची आवाहने मृत स्त्रियांनी लिहिलेली नव्हती. हॅवलॉकची फौज शिरली तेव्हा ती तिथे नव्हतीच, असे त्याने नमूद केले. तोवर त्या मजकुराच्या नावाने कित्येक जण फासावर गेले होते. उशिरा आलेली दुरुस्ती वाचते कोण? कर्जतजवळच्या वेणगावच्या भटांच्या घरातले नानासाहेब विलायतेत एव्हाना क्रौर्याचे सामान्यनाम बनले होते.

आपल्या मराठीची गंमत वेगळी. वरसईच्या विष्णुभट गोडशांनी झाशीचा पाडाव डोळ्यांनी पाहिला, उपासमार आणि लूट सोसली. त्यांचा 'माझा प्रवास' चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. पण त्या हकिकतीवरही शब्द होता 'बंड'. दोनच वर्षांनी सावरकरांच्या ग्रंथाने त्याच घटनेला स्वातंत्र्यसमर म्हटले, आणि सरकारने तो छापून होण्याआधीच बंदीत टाकला. गोडशांच्या पुस्तकाला मात्र कोणी हात लावला नाही, जरी त्यात गोऱ्या शिपायांनी झाशीत केलेल्या कत्तलीचे वर्णन पानोपानी आहे.