मेंदूवरचे चुंबक

श्रोतेहो, आणि ही भाषणे पुढे छापील रूपात वाचणाऱ्या गुरुजींनो,

'मेंदूला शॉक देतात म्हणे!' एवढे शब्द जानेफळच्या एखाद्या ओट्यावर कोणी बोलले, की ऐकणारा दचकतो. ही भीती अगदीच निराधार नाही. 1938 साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी या डॉक्टरांनी रोग्याच्या डोक्यातून वीज सोडून मुद्दाम फिट आणण्याचा उपचार सुरू केला. गुण येई, परंतु त्या काळी भूल न देताच झटका देत. अंग असे आखडे की कधी कधी हाडे मोडत. पुढे भूल आली, स्नायू सैल करणारे औषध आले, आणि तो प्रकार थांबला. विसरभोळेपणाची तक्रार काही रोग्यांना अजूनही होते. तरीही अगदी बिकट आजारात हा उपचार आजही जीव वाचवितो, हेही सांगितले पाहिजे. नाव बदनाम झाले ते मात्र झालेच.

आता शहरातला मानसोपचारतज्ज्ञ उदासीनतेच्या आजारावर चुंबकाचा उपचार सुचवितो, तेव्हा घरची मंडळी विचारतात, 'हाही शॉकच ना?'

याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जाऊ. 1831 साली फॅरेडेने दाखवून दिले, की तारेच्या एका वेटोळ्यातला प्रवाह चालू-बंद केला, तर शेजारच्या वेगळ्या वेटोळ्यात क्षणभर वीज उत्पन्न होते. शाळेत हा प्रयोग तुम्ही करून दाखविता. मेंदूतल्या पेशींचा कारभारही विजेच्या बारीक इशाऱ्यांवरच चालतो. मग दुसऱ्या वेटोळ्याच्या जागी माणसाचे डोकेच ठेवले तर? फ्रान्समध्ये दार्सोन्व्हाल याने 1896 साली मोठ्या वेटोळ्यात डोके घालायला लावून पाहिले. लोकांना डोळ्यांपुढे चमक दिसली, एवढेच. खरे यश यायला 1985 साल उजाडले. इंग्लंडात शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाळूवर वेटोळे धरले, आणि समोरच्या माणसाचा हात आपोआप हलला. कातडी आणि कवटी विजेला अडवितात, म्हणून बाहेरून वीज द्यायची तर ती जोराची द्यावी लागते व दुखते. चुंबकाच्या प्रभावाला कवटीची अडचण नसते.

हे यंत्र तेव्हा मज्जातंतू तपासण्यासाठी होते. उदासीनतेच्या रोग्यांच्या कपाळाच्या डाव्या बाजूला रोज ठोके देऊन पाहण्याचे काम अमेरिकेत मार्क जॉर्ज यांनी 1995 साली प्रसिद्ध केले.

आता धोक्याचे बोलू. आरंभीच्या वर्षांत ठोके किती जोराचे, किती वेगाचे, मध्ये विसावा किती, याला धरबंध नव्हता. काही धडधाकट माणसांनाही प्रयोगात फिट आली. तेव्हा 1996 साली अमेरिकेत बेथेस्डा येथे जाणकार जमले, अनुभव ताडून पाहिले, आणि 1998 साली नियम छापले गेले. ते पुढे 2009 आणि 2021 मध्ये सुधारले. आज हा उपचार बराच निर्धोक मानला जातो, त्याचे श्रेय मला यंत्राइतकेच या नियमांना द्यावेसे वाटते. नियम पाळले तर फिट येण्याचा संभव हजार रोग्यांत एक किंवा त्याहूनही कमी.

भूल लागत नाही. रोगी खुर्चीत जागा असतो. आधी कमीत कमी किती जोराच्या ठोक्याने अंगठा हलतो ते पाहून प्रत्येकाचे माप ठरवितात. ठकठक आवाज मोठा, म्हणून कानांत बोळे घालतात. डोके दुखते, टाळू चुरचुरते, ते बहुधा काही दिवसांत ओसरते. मात्र डोक्यात लोखंडी तुकडा, मेंदूतील रक्तवाहिनीला लावलेली चिमटी किंवा कानाच्या आत बसविलेले यंत्र असेल, तर हा उपचार बहुधा टाळतात. पूर्वी फिट येत असेल, छातीत हृदयाचे यंत्र असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगावे. गुरुजींनी हे घरोघरी सांगितले तर बरे.

गुणाचे काय? 2008 साली अमेरिकेने या यंत्राला परवानगी दिली. तेथेच 2010 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खऱ्या चुंबकाने शंभरांत सुमारे 14 रोगी पूर्ण बरे झाले, नुसत्या देखाव्याच्या चुंबकाने 5. म्हणजे उपयोग आहे, जादू नाही. आणि आठवड्याचे पाच दिवस, चार ते सहा आठवडे शहरात राहावे लागते. सोयाबीन काढणीला आलेल्या घराला हे परवडावे कसे? माझ्या मते आपल्याकडे हीच खरी अडचण, धोक्याची नव्हे.

म्हणून पुष्कळ कुटुंबे आजारी माणसाला पिंपळगाव सराईजवळच्या सैलानीबाबांच्या दर्ग्यावर नेतात. श्रद्धेबद्दल मी बोलत नाही. पण 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूत एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळदंडांत बांधलेली माणसे पळू शकली नाहीत. 28 जण गेले. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या 95 व्या कलमात भूल न देता विजेचा झटका देणे आणि रोग्याला साखळीने बांधणे, ही दोन्ही एकत्रच मना केलेली आहेत.

चुंबकाची पाळी फार उशिरा येते. आधी औषधे, बोलणे, झोप पाहावी लागते; त्यासाठी बुलढाण्याचे जिल्हा रुग्णालय आहे. आणि रात्री-बेरात्री कोणाचा जीव अगदी नकोसा झाला, तर 14416 हा सरकारी दूरध्वनी आहे. त्यावर पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येते.