पात्रतेचा इतिहास : धार-देवासच्या निमित्ताने

सरकारी नोकरीची किंवा रोजगार योजनेची जाहिरात हाती आली की आपली दृष्टी प्रथम ‘पात्रता’ या सदराकडे वळते. वय, शिक्षण, उत्पन्न आणि निवास अशा चार अटींचे हे सदर मला इतिहासाच्या साधनाइतकेच मोलाचे वाटते. राज्यव्यवस्था ‘आपला’ कोणाला मानते, याचे उत्तर त्यात असते. आजच्या या स्मृतिव्याख्यानात ते उत्तर आपल्या माळव्याच्या संदर्भात तपासून पाहावे, असा माझा विचार आहे.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी फौजांबरोबर पवार घराणे माळव्यात आले. त्याची एक शाखा धारला स्थिरावली. देवासला तुकोजी व जिवाजी या बंधूंच्या थोरली व धाकटी अशा दोन पाती झाल्या. एकाच गावात दोन दरबार आणि दोन कारभार नांदू लागले. त्यांच्या आश्रयाने दक्षिणेतून आलेली मराठी कुटुंबे दप्तरात व लष्करात रुजली. त्या काळी चाकरीसाठी मोडी अक्षर उपयोगी पडे, हे खरे. परंतु घराण्याची ओळख, पूर्वजांची सेवा आणि धन्याची मर्जी यांचे वजनही काही कमी नव्हते. पात्रता होती, पण ती कागदावर नव्हती.

1948 मध्ये ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि 1956 मध्ये मध्य प्रदेशात आली. दरम्यान 1950 च्या संविधानाने अनुच्छेद 16 द्वारे सरकारी नोकरीत सर्व नागरिकांना समान संधी दिली. निवासाची अट घालण्याचा अधिकार केवळ संसदेकडे ठेवला. हैदराबाद संस्थानातील ‘मुल्की’ नियमासारख्या जुन्या अटी प्रांतोप्रांती होत्याच. 1957 च्या कायद्याने, तेलंगण, हिमाचल, मणिपूर व त्रिपुरा हे अपवाद वगळता, त्या रद्द ठरवल्या. धन्याच्या मर्जीची जागा लेखी नियमाने घेतली, ही मी लहान गोष्ट मानत नाही.

पुढे नोकऱ्या अपुऱ्या पडू लागल्या आणि योजनांचे युग आले. 1979 च्या ‘ट्रायसेम’ योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील 18 ते 35 वर्षांच्या ग्रामीण तरुणांना प्रशिक्षण मिळे. 1993 च्या पंतप्रधान रोजगार योजनेत सुशिक्षित बेकारांना कर्ज मिळे. त्यासाठी सुरुवातीस कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 24,000 रुपये होती आणि त्या भागात किमान तीन वर्षांचा निवास लागे. मध्य प्रदेशाने 2023 मध्ये आणलेल्या ‘सीखो कमाओ’ योजनेत 18 ते 29 हे वय, किमान बारावी किंवा आयटीआय आणि राज्याचा मूळ निवासी असणे, या अटी होत्या. नोकरीच्या दारातून बाहेर काढलेली निवासाची अट योजनेच्या दारातून पुन्हा आत आली, असे मला म्हणावेसे वाटते.

याच काळात पात्रतेची दुसरी कल्पनाही जन्मली. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमी योजना सुरू झाली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. ग्रामीण प्रौढ व्यक्ती अंगमेहनतीच्या कामास तयार असणे, एवढीच तिची मुख्य अट होती. तेथे गुणपत्रिका कोणी मागत नसे. हेच तत्त्व 2005 च्या केंद्रीय कायद्यात आले. फेब्रुवारी 2006 मध्ये तो लागू झालेल्या पहिल्या 200 जिल्ह्यांत धार होता. देवासची पाळी 2007 मध्ये आली.

एक पात्रता माणसाचे कागद मोजते, दुसरी त्याची काम करण्याची तयारी. या दोहोंच्या मध्ये उभा राहतो तो शिकलेला, तिशी ओलांडलेला तरुण. खडी फोडण्यासाठी त्याने शिक्षण घेतलेले नसते आणि प्रशिक्षणाच्या वयातून तो एका वाढदिवसाने बाहेर पडलेला असतो. मर्यादा कोठेतरी घालावीच लागते, हे मान्य. परंतु ती कोठे व का घातली, याचे कारण जनतेला सांगणे हे राज्याचे कर्तव्य आहे. अन्यथा लेखी नियम आणि जुनी मर्जी यांत अंतर ते काय राहिले?

येथील शिक्षकबंधुभगिनींना एकच विनंती. आपल्या प्रवेशपुस्तकातील जन्मतारखेची नोंद पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरते आणि अनेकदा तीच वयाचा पुरावा ठरते. ती नोंद काळजीने करावी. तिच्यावर उद्या कोणाचा तरी हक्क उभा राहणार आहे.